समासातलं अक्षर कोणाचं? जुन्या ज्यू धर्मशास्त्रग्रंथांवरच्या हस्तलिखित टिपणांची पारख

प्रश्न थोडक्यात असा: 'शुल्खान आरुख' या ज्यू धर्मनियमांच्या संहितेच्या 'योरे देआ' या भागाची, चामड्याच्या बांधणीतली जुनी प्रत विकायला आली आहे. मुखपानावर तीन नावं हाताने लिहिलेली आहेत. आत समासात तपकिरी शाईची दाट टिपणं आहेत, काहींची अक्षरं कडेला कापली गेली आहेत. तीन नावांपैकी एक खातम सोफेर (नामवंत रब्बी मोशे सोफेर) यांचं आहे, म्हणून टिपणंही त्यांचीच, असं विकणाऱ्याचं म्हणणं आहे. हे तपासायचं कसं, प्रत सांभाळायची कशी आणि किंमत कशावर ठरते?

आधी विकणाऱ्याच्या वाक्यातला 'म्हणून' काढून टाका. मुखपानावरचं नाव एवढंच सांगतं की पुस्तक त्या माणसाचं होतं, किंवा तसं कोणीतरी लिहिलं. समासातलं अक्षर त्याच माणसाचं आहे, हा वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. या व्यवहारातल्या बहुतेक फसगती, अगदी प्रामाणिक चुकासुद्धा, हे दोन दावे एकत्र बांधल्यामुळे होतात.

धर्मशास्त्राचा ग्रंथ हे रब्बीचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूचं, रोजचं काम करायचं साधन. तो बापाकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे, लिलावातून परक्याकडे जातो आणि प्रत्येक जण त्यावर लिहितो. समासात लिहिणं ही या परंपरेत खोडी मानली जात नाही, किंबहुना समासातूनच शास्त्र वाढलं आहे. योसेफ कारो यांचा 'शुल्खान आरुख' १५६५ मध्ये व्हेनिसला पहिल्यांदा छापला गेला. त्यावर क्राकूच्या मोशे इस्सर्लेस यांनी जोडलेल्या पुरवण्यांना नावच 'हगाहोत', म्हणजे टिपणं, असं आहे आणि आज त्या मूळ मजकुरातच गुंफून छापतात. पोझनचे अकिवा एगर (१७६१–१८३७) आपल्या पुस्तकांच्या कडेला जे लिहीत, ते आज 'शुल्खान आरुख'च्या छापील पानाचा भाग आहे. तालमूद हा ज्यू धर्मचर्चेचा मूळ ग्रंथ; योएल सिर्केस यांच्या त्याच्या प्रतीतल्या दुरुस्त्या विल्नाला (आजचं विल्निअस) १८८०–८६ मध्ये छापलेल्या तालमूदमध्ये पानोपानी दिसतात. त्यामुळे तुमच्यासमोरच्या समासात एखादं न छापलेलं मत असण्याची शक्यता खरी आहे. काळजीपूर्वक पाहायचं ते त्यासाठी.

पहिलं काम म्हणजे थर वेगळे करणं. प्रतीचं प्रत्येक पान, कोरी पानं आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूसकट, मोजपट्टी ठेवून किमान ६०० डीपीआयच्या तोडीचं टिपून घ्या. मग प्रत्येक वेगळ्या हाताला एक खूण द्या: क, ख, ग. मुखपानावर तीन नावं आहेत म्हणजे तीन हात, असं गृहीत धरू नका, दोन नावं एकाच माणसाने लिहिलेली असू शकतात. प्रत्येक हाताची अलेफ, लामेद, शिन आणि शब्दाच्या शेवटी येणारा मेम ही हिब्रू अक्षरं कापून शेजारी शेजारी मांडा. अलेफ आणि लामेद जोडून लिहायची पद्धत विशेष बघा, कारण त्या जोडाक्षरात लिहिणाऱ्याचं वळण लपत नाही. एका हाताचे किमान वीस-पंचवीस नमुने जमेपर्यंत मत बनवू नये. सहीवरून टिपणाशी तुलना करणं हा कच्चा मार्ग आहे: सही सावकाश, नटवून केलेली असते, टिपण घाईत, बोटभर जागेत. टिपणाची तुलना त्याच माणसाच्या त्याच दशकातल्या पत्राशी किंवा कच्च्या खर्ड्याशी करायची. इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'क्तिव' संकेतस्थळावर अशी असंख्य हस्तलिखितं पाहता येतात.

अक्षरांचं घराणंही पाहावं. मध्य आणि पूर्व युरोपातलं अश्केनाझी शीघ्रलेखन, इटालियन वळण, सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या) ज्यूंचं 'अर्धलेखणी' म्हणवलं जाणारं अक्षर, बगदादी आणि येमेनी हात हे थोड्या सरावाने वेगळे ओळखू येतात. फ्रांकफुर्टला जन्मलेल्या आणि प्रेसबुर्गला (आजचं ब्रातिस्लाव्हा) रब्बी असलेल्या खातम सोफेर यांच्या नावाखाली बगदादी वळणाचं टिपण दिसलं, तर पुढची तपासणी करायची गरज उरत नाही.

आता मुखपानावरची नावं. मालकीच्या नोंदीची सुरुवात पुष्कळदा बायबलच्या स्तोत्र २४ मधल्या 'पृथ्वी आणि तिच्यातलं सर्व काही परमेश्वराचं आहे' या वचनाने होते, बहुधा लामेद-हे-वाव अशा तीन अक्षरांत आखडलेली. मग 'हे अमक्याच्या मालकीचं' असं येतं. इथे नेमकं काय लिहिलंय ते शब्दशः वाचा. रब्बी स्वतः लिहितो तेव्हा स्वतःला 'हाकाटान', म्हणजे लहान, किंवा 'हात्साईर', म्हणजे धाकटा, म्हणवतो. 'महान रब्बी, गाओन (थोर विद्वान), आमचे गुरू अमुक यांचा ग्रंथ' असं असेल तर ते त्यांनी लिहिलेलं नाही. शिष्याने, मुलाने किंवा सेवकाने लिहिलं आहे. मालकीचा पुरावा म्हणून ती नोंद चांगलीच, पण तिच्यावरून रब्बींच्या अक्षराचा नमुना ठरवायचा नाही. नावामागे 'झात्साल' (पुण्यवंताचं स्मरण मंगल असो) असेल, तर नोंद मृत्यूनंतरची. याच्या उलट एक फार उपयोगी खूण: लिहिणारा वडिलांचं नाव देतो तेव्हा ते हयात असतील तर दीर्घायुष्याची प्रार्थना जोडतो (नून-रेश-वाव ही अक्षरं), नसतील तर स्मरणाचे शब्द. वडिलांचं मृत्युवर्ष माहीत असलं की नोंदीचा काळ पक्का बांधता येतो.

खातम सोफेर, म्हणजे मोशे सोफेर (१७६२–१८३९), यांच्याबाबत दोन सापळे ठरलेले. 'सोफेर' या शब्दाचा अर्थच लेखनिक. 'मोशे सोफेर' अशी नोंद म्हणजे मोशे नावाचा कुठलाही पोथीलेखक असू शकतो. दुसरं, ते आडनाव घराण्यात पुढे चाललं. मुलगा अव्राहाम शमुएल बिन्यामिन (१८१५–१८७१) आणि नातू सिमखा बुनिम (१८४२–१९०६) हेही प्रेसबुर्गचे रब्बी झाले आणि एकच पुस्तक तिघांकडे असणं अगदी शक्य आहे. तुमच्या मुखपानावरची तीन नावं ही अशी साखळी आहे का, ते आधी पाहा. स्वतः मोशे सोफेर सहीत 'फ्रांकफुर्ट-आम-माइनचा' असं जोडत, मेम-पे-पे-दालेद-मेम अशा आखूड रूपात, आणि प्रेसबुर्गमध्ये १८०६ पासून राहूनही ती सवय त्यांनी ठेवली. ही अक्षरं नसली म्हणून दावा खोटा ठरत नाही, पण असली तर वजन वाढतं. ती सही सर्वांना ठाऊक आहे हेही ध्यानात ठेवावं, कारण नक्कल करणाऱ्यालाही ती ठाऊक असते.

नोंदीत वर्ष असेल तर ते अक्षरांत असतं आणि हजारांचा आकडा गाळलेला. ताव ४००, कोफ १००, आयिन ७०, हे ५: बेरीज ५७५. त्यात १२४० मिळवा, १८१५ आलं. ज्यू वर्ष शरदात सुरू होतं, म्हणून साधारण सप्टेंबर ते डिसेंबरमधल्या तारखेला एक वजा, म्हणजे १८१४. छपाईचं वर्ष कधीकधी बायबलमधल्या वचनात लपवलेलं असतं. तिथे फक्त मोठ्या ठशातली किंवा खुणा केलेली अक्षरं मोजायची, सगळं वचन मोजलं की शतकाची चूक होते.

यानंतर टिपणांचा मजकूर. मला विचाराल तर सगळ्यात भक्कम पुरावा इथे असतो आणि नेमका इथेच कोणी वेळ देत नाही, कारण त्यासाठी शास्त्र वाचता यावं लागतं. येत नसेल तर ज्याला येतं अशा माणसाला पैसे देऊन वाचून घ्या. कुठल्याही दिव्यापेक्षा आणि भिंगापेक्षा तो खर्च सार्थकी लागतो.

टिपणं मोजक्या साच्यांत येतात. 'आयेन' म्हणजे 'पाहा', पुढे दुसऱ्या ग्रंथाचा हवाला. त्सादे-लामेद म्हणजे 'असं असायला हवं', छापील चुकीची दुरुस्ती. त्सादे-आयिन म्हणजे 'विचार करायला हवा', न सुटलेली शंका. आणि 'माझ्या अल्पमतीला असं दिसतं' हे स्वतःचं मत. पहिल्या प्रकारातून काळ कळतो, चौथ्यातून माणूस.

हवाल्यांची यादी करा आणि त्यातला सर्वांत उशिरा छापलेला ग्रंथ शोधा. टिपण त्याच्या आधीचं असू शकत नाही. खातम सोफेर यांच्या स्वतःच्या 'योरे देआ'वरच्या प्रश्नोत्तरांचा खंड त्यांच्या मृत्यूनंतर, १८४१ मध्ये, छापला गेला. तुमच्या समासात त्या खंडाचा प्रकरण क्रमांकासह हवाला आला, तर ते टिपण त्यांचं नाही, बहुधा शिष्याचं किंवा वंशजाचं आहे. क्रमांक महत्त्वाचा, कारण मजकूर हस्तलिखितात फिरला असेल पण छापील क्रमांक छपाईनंतरच मिळतो. 'पितखेई तेशुवा' या ग्रंथाचा 'योरे देआ'चा भाग विल्नाला १८३६ मध्ये आला, म्हणजे त्याचा हवाला मोशे सोफेर यांच्या शेवटच्या तीन वर्षांतच बसतो. अशा अरुंद फटी मिळाल्या की काम सोपं होतं. मात्र हे एकेका हातासाठी वेगळं करायचं. 'ख' हातातला उशिराचा हवाला 'क' हाताला लागू होत नाही.

टिपणं रब्बींच्या छापील हगाहोतमध्ये शब्दशः सापडली की विकणारे आनंदतात. खरं तर तिथेच जपून राहावं लागतं. जुळणीचे तीन अर्थ होतात: मूळ लेखकाचा हात, मूळ प्रतीवरून शिष्याने उतरवलेलं, किंवा छापील पुस्तकावरून कोणीतरी आपल्या सोयीसाठी नकललेलं. प्रेसबुर्गची येशिवा (धर्मशास्त्राची पाठशाळा) मोठी होती आणि गुरूची टिपणं आपल्या पुस्तकात उतरवून घेणं हा अभ्यासाचाच भाग होता. फरक चुकांवरून कळतो. विचार करत लिहिणारा वाक्याच्या मध्यावर शब्द खोडतो, दिशा बदलतो, नंतर वेगळ्या शाईने ओळीवर पुरवणी चढवतो, जागा संपली की पान फिरवून उभं लिहितो. नक्कल करणाऱ्याची ओळ सरळ जाते आणि त्याची चूक डोळ्यांची असते: एकच शब्द दोन ओळींत आला की मधली ओळ सुटते. एका पानावर वेगवेगळ्या काळच्या शाया आणि सैल-घट्ट अक्षर दिसलं तर ते वर्षानुवर्षं वापरणाऱ्याचं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकसारखी शाई आणि एकसारखा वेग म्हणजे बहुधा एका हंगामात बसून उतरवलेलं.

टिपण कुठल्या मजकुराला टांगलंय तेही नोंदवा. 'योरे देआ'च्या पानावर मधे मूळ, दोन बाजूंना ताझ आणि शाख ही भाष्यं असतात, वर्तुळ किंवा फुलीने टिपण यांपैकी एकाला जोडलेलं असतं. आणखी एक गोष्ट, तुमच्या खंडाला लागू नाही पण कधी 'शुल्खान आरुख'चा 'एवेन हाएझेर' हा विवाह-घटस्फोटाचा भाग हाती आला तर प्रकरण १२८ आणि १२९ आधी उघडा. घटस्फोटपत्रात गावाचं, नदीचं आणि माणसांचं नाव नेमक्या अक्षरांत लिहावं लागतं, ते नियम तिथे आहेत. म्हणून स्थानिक रब्बी आपल्या गावाच्या नावाची वर्तनी तिथेच टिपून ठेवतो. कुठेच सही नसलेलं पुस्तक त्या दोन प्रकरणांवरून आपलं गाव सांगतं.

शाईकडे येऊ. युरोपातल्या या काळच्या टिपणांची शाई बहुधा मायफळ आणि हिराकसाची. लिहिताना काळी, कालांतराने तपकिरी, रेघेभोवती फिकट प्रभावळ, पानामागे उमटलेली छाया आणि समोरच्या पानावर पडलेला पुसट छाप. दाट टिपणांच्या समोरच्या पानावर छाप मुळीच नसेल तर संशय घ्यावा. दहा पट भिंगाखाली रेघेच्या दोन्ही कडांना समांतर चर दिसले तर लेखणी पोलादी टाकाची. असे टाक १८३० च्या आसपासपासून स्वस्त झाले, त्याआधी पिसाची लेखणी. जांभळी ॲनिलिन शाई १८५६ नंतरचीच. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली हिराकसी शाई गडद दिसते आणि पुसून टाकलेलं जुनं नावही पुष्कळदा वर येतं. दिवा काही मिनिटांच्या वर लावू नये, डोळ्यांना संरक्षक चष्मा हवा.

खऱ्या जुन्या पुस्तकात नवी सही घालणं हा बनावटीचा नेहमीचा प्रकार आहे. कागद खरा, छपाई खरी, त्यामुळे कागद तपासून काही हाती लागत नाही. रेघ जिथे नुकसानीला भेटते तिथे पाहायचं. कसरीने पाडलेल्या भोकाशी रेघ स्वच्छ तुटत असेल तर लिखाण आधीचं, भोकाच्या काठावर शाई पसरली असेल तर भोक आधीचं. घडीच्या चिरेत शाई शिरली असेल, पाण्याच्या डागाच्या वर रेघ ताजी बसली असेल, किंवा कागदाचा खळ गेलेल्या भागात शाई पिसासारखी फुटली असेल, तर ते लिखाण कागद म्हातारा झाल्यावरचं आहे. मुखपानच दुसऱ्या प्रतीतून आणून चिकटवलेलं असू शकतं. उजेडाविरुद्ध धरून जाळीच्या रेषा आणि जलचिन्ह शेजारच्या पानांशी जुळतात का, पान शिवणीतून आलंय की पट्टीवर चिकटवलंय, ते पाहा.

तुमच्या प्रतीतली कापलेली टिपणं ही उलट चांगली खूण आहे. बांधणाऱ्याने पुन्हा बांधताना कडा छाटल्या, म्हणजे टिपणं सध्याच्या बांधणीच्या आधीची. बांधणीचा काळ ठरला की टिपणांना वरची मर्यादा मिळते. म्हणूनच 'जरा नीट बांधून घेऊ' हा विचार मनातून काढा. जुनी बांधणी, शिवणीचे दोरे, पुठ्ठ्यात भरलेले रद्दीचे तुकडे, सगळा पुरावा आहे.

सांभाळताना पाणी हा पहिला शत्रू. ओल लागली की शाईतलं लोह हलतं आणि अक्षराच्या जागी कागद जळल्यासारखा तुटतो. बाथोफेनॅन्थ्रोलिनच्या चाचणीपट्टीवर गुलाबी रंग आला तर शाईत सुटं लोह आहे. त्यावरचा कॅल्शियम फायटेटचा उपचार संवर्धनतज्ज्ञानेच करायचा. घरी करायचं एवढंच: सावली, १८ ते २० अंश तापमान, ४५ ते ५५ टक्के आर्द्रता, आम्लरहित पेटी. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे साधत नाही, तेव्हा पेटीत सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवून आठवड्याला पाहावं. चामड्याची लाल भुकटी पडत असेल तर तेल चोळू नका, डाग पडतो आणि धूळ बसते. पारदर्शक टेप, लॅमिनेशन, डांबराच्या गोळ्या तिन्ही नकोत. ग्रंथ १०० अंशांपलीकडे उघडू नये, खाली उशी द्यावी. आणि हा ज्यू लोकांच्या दृष्टीने पवित्र ग्रंथ आहे: तो पालथा ठेवत नाहीत, त्यावर दुसरी वस्तू ठेवत नाहीत, सुटलेले तुकडेसुद्धा रद्दीत न टाकता गेनिझात (जीर्ण पवित्र लिखाण साठवायच्या जागेत) ठेवतात किंवा पुरतात. मालक कोणत्याही धर्माचा असो, तेवढं पाळावं.

किंमत. नुसती सही असलेली प्रत खालच्या पायरीवर, सहीबरोबर त्याच हाताची चार-दोन टिपणं असलेली वर, न छापलेली दीर्घ टिपणं असलेली सर्वांत वर. मुद्रण दुर्मीळ असण्याचा संबंध कमी. व्हॅलमाडोना या हिब्रू पुस्तकसंग्रहातला, व्हेनिसचे सोळाव्या शतकातले मुद्रक बोम्बेर्ग यांनी छापलेला संपूर्ण तालमूद २०१५ मध्ये न्यूयॉर्कला ९३ लाख डॉलरला गेला, पण ती किंमत सुस्थितीतल्या संपूर्ण संचाची होती. त्या आकड्याचा आधार कोणी तुमच्या एका खंडाला देऊ लागला तर ऐकू नका. लेखक ठरत नसेल तर 'अनोळखी विद्वानाची टिपणं' असंच लिहिलेलं बरं. त्याने अभ्यासकाच्या लेखी प्रत कमी होत नाही.

मालकीची साखळी तपासणं नैतिक जबाबदारी आहे. नाझींनी लुटलेली लाखो पुस्तकं १९४६ पासून ओफेनबाखच्या कोठारात गोळा झाली आणि तिथून वाटली गेली. युद्धपूर्व समाजसंस्थेचा किंवा येशिवाचा शिक्का दिसला, खरवडलेला दिसला तर अधिकच, तर विकत घेण्याआधी उलगडा मागा. कोलंबिया विद्यापीठाच्या 'फूटप्रिंट्स' या प्रकल्पात हिब्रू पुस्तकांच्या एकेका प्रतीचा प्रवास नोंदवला जातो, तिथे नावं घालून पाहा. भारतात असलेल्या प्रतीला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो: ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाचं हस्तलिखित ७५ वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी पाठवण्याआधी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी घ्या.

प्रत मुंबई-पुण्यातूनच निघाली असेल तर शक्यता बदलतात. बेने इस्राएल समाजात रब्बींची परंपरा नव्हती, त्यांना कोचीन आणि येमेनकडचे शिक्षक लाभले. बगदादी घराण्यांत मात्र धर्मशास्त्राचा सखोल अभ्यास होता. मुंबईत १८८० मध्ये जन्मलेले डेव्हिड सॉलोमन ससून तर हिब्रू हस्तलिखितांच्या मोठ्या संग्राहकांपैकी एक. तेव्हा इथल्या जुन्या घरातल्या पुस्तकावर प्रेसबुर्गचा हात शोधण्याआधी बगदादी, कोचिनी आणि येमेनी वळणांशी ताडून पाहा. कोऱ्या पानावर मोडी किंवा देवनागरीत जन्ममृत्यूची नोंद आढळली तर तिचाही फोटो घ्या. पुस्तकाचा इथला प्रवास तीच सांगेल.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून हे मागवा: मुखपान, तिरप्या उजेडात, त्याचं मागचं पान, सर्वांत दाट टिपणांची पाच सलग पानं, समोरच्या पानांसह, शेवटचं छापील पान, शिवणीचा भाग. आणि पावतीवर लिहून घ्या की टिपणं मोशे सोफेर यांच्या हातची आहेत, आणि जाणकाराने ठरावीक मुदतीत ते नाकारलं तर पूर्ण रक्कम परत मिळेल. विकणारा फक्त 'यांच्या मालकीचं' असं लिहायला तयार असेल, तर किंमतही तेवढ्याचीच द्या.